दोन बाटल्या, एक दप्तर आणि हातातली ताकद

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मगरिबची अजान नुकतीच झाली होती. अम्मी वुजूसाठी न्हाणीघरात गेल्या आणि धप्पकन आवाज आला. आम्ही दोघे धावलो. अम्मी ओल्या फरशीवर बसलेल्या, पाठ भिंतीला टेकलेली. शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, हाड मोडल्यासारखे कुठे दुखत नव्हते. फक्त त्यांना उठता येत नव्हते, आणि आम्हाला त्यांना उठवता येत नव्हते.

अम्मींचे वजन 68 किलो. एकाने बगलेत हात घातला, दुसऱ्याने कमरेला धरले. अर्ध्यावर उचलले की हात थरथरायचे आणि पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेनंतर अम्मीच म्हणाल्या, "रहने दो. मेरे को उठाते-उठाते तुम्हारीच कमर जाएगी." शेवटी खालच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारली. तो यंत्रमागाच्या कारखान्यात सुताची पोती वाहतो. त्याने अम्मींना अलगद उचलून खुर्चीवर बसवले आणि चहाला न थांबता निघूनही गेला.

आम्ही नवरा-बायको दोघेही सोलापुरात शिक्षक. दोघांचीही चाळिशी उलटलेली. खडू, हजेरीपट आणि वह्यांचे गठ्ठे यापलीकडे हातांना कधी काम दिले नव्हते. त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही. अम्मी पुन्हा पडल्या तर? रात्री दोन वाजता पडल्या तर? दर वेळी शेजारच्या मुलाला उठवायचे का?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. हाड शाबूत होते. डॉक्टरांनी अम्मींना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितले. जमले नाही. आपली दोन बोटे त्यांच्या मुठीत देऊन दाबायला सांगितले. दाब जेमतेम लागला. मग म्हणाले, "यावर गोळी नाही. हातापायांना वजनाचा व्यायाम द्या. अम्मींनाही आणि तुम्हालाही."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या मुलाने वेगळाच विषय काढला होता. वय 17, अकरावीत. त्याला दंडावर बेटकुळी हवी होती. त्यासाठी जिमची फी हवी होती आणि वर पावडरचा एक डबा. डब्याची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याच्या निम्मी. आम्ही शिक्षकी पद्धतीने करार केला. चार महिने घरीच, आमच्याबरोबर व्यायाम करायचा. वहीत नोंद ठेवायची. दंडाचे माप पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी घ्यायचे. फरक पडला नाही, तर फी आम्ही भरू.

त्या चार महिन्यांत जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत. जवळजवळ प्रत्येक घरात एक म्हातारे माणूस असते आणि एक आरशासमोर दंड फुगवून पाहणारा मुलगाही असतो.

दंडात असते तरी काय?

मुले दंड फुगवतात तेव्हा समोरचा गोळा दाखवतात. हा बायसेप. त्याला दोन शिरे असतात, कोपर वाकवणे आणि तळहात वर फिरवणे ही त्याची कामे. त्याच्या खाली आणखी एक जाड स्नायू दडलेला असतो. तो वाढला की वरचा गोळा उचलून धरतो. मात्र दंडाचा मोठा भाग मागच्या बाजूला असतो. तो ट्रायसेप, तीन शिरांचा. दंडाच्या स्नायूंपैकी निम्म्याहून जास्त वाटा एकट्या ट्रायसेपचा. कोपर सरळ करणे, ढकलणे, हात टेकून उठणे ही त्याची कामे.

म्हणजे ज्याला दंड जाड हवा, त्याने फक्त वजन वर उचलत बसून भागत नाही. त्याने ढकलण्याचा व्यायामही करायला हवा. आणि खुर्चीच्या हातांना रेटून उठणाऱ्या अम्मींना लागतो तोही हाच ट्रायसेप. मुलाला आणि आजीला एकच स्नायू हवा होता, हे आम्हाला तेव्हा कळले.

जड वजनाशिवाय स्नायू वाढतो का?

आमचा मुलगा हाच प्रश्न विचारत होता. "बाटल्या उचलून काय होणार?" त्याला आम्ही कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आधीपासून व्यायाम करणारे 49 तरुण घेतले होते. एका गटाने जड वजन 8 ते 12 वेळा उचलले. दुसऱ्या गटाने हलके वजन 20 ते 25 वेळा उचलले. अट एकच, हात पुढे उचलेनासा होईपर्यंत थांबायचे नाही. 12 आठवड्यांनी मोजले, तर दोन्ही गटांचे स्नायू जवळजवळ सारखेच वाढले होते.

याचे कारण असे. आपण हलके काही उचलतो तेव्हा स्नायूतले थोडेच तंतू कामाला लागतात. ते थकू लागले की शरीर उरलेल्या तंतूंना बोलावते. शेवटच्या चार-पाच वेळा, जेव्हा हात संथ होतो आणि चेहरा वाकडा होतो, तेव्हा जवळपास सगळे तंतू कामावर हजर असतात. वाढीचा निरोप त्यांना तेव्हाच मिळतो. म्हणून बाटली हलकी असली तरी चालते. दहा वेळा उचलून आरामात खाली ठेवणे मात्र चालत नाही.

एक खुलासा. हात अगदी निकामी होईपर्यंत जायची रोज गरज नसते. "आणखी दोन वेळा जमेल, तिसऱ्यांदा जमणार नाही," असे वाटेल तिथे थांबावे. एक मर्यादाही सांगतो. स्नायूचा आकार हलक्या वजनानेही वाढतो, पण खूप जड उचलण्याची ताकद हवी असेल तर पुढे वजन वाढवावेच लागते.

शेजारच्या आपांनी यावर चांगला प्रश्न विचारला. "मी रोज कणीक मळते, बादल्या उचलते, चादरी पिळते. मग माझे दंड का नाही वाढले?" वाढले होते, पण पहिल्या काही वर्षांत. शरीराला त्या कामाची सवय झाली आणि वाढ थांबली. बादली 20 वर्षे तेवढीच आहे. स्नायूला दर काही दिवसांनी थोडे जास्त काम मिळाले, तरच तो पुढे जातो.

साहित्य

आम्ही बाजारातून काहीच आणले नाही. घरात होते ते असे.

एक लिटरच्या दोन बाटल्या. पाणी भरले की प्रत्येकी एक किलो. कोरडी वाळू भरली की दीड किलोच्या पुढे. शीतपेयाची दोन लिटरची बाटली वाळूने भरली तर तीन किलोच्या वर जाते. झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर डोक्यावर वाळूचा अभिषेक होतो. आमच्याकडे झाला.

पाच लिटरच्या तेलाचे दोन रिकामे कॅन. त्यांना धरायला कडी असते, म्हणून हे सर्वांत सोयीचे. पाणी भरून पाच किलो. अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा पेनने केल्या की वजन हवे तसे कमी-जास्त करता येते.

मुलाचे जुने दप्तर. त्यात पाठ्यपुस्तके भरत जायचे. चेन आणि पट्टे शाबूत आहेत ना, ते आधी पाहावे. दप्तर घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे, मग न घेता, आणि वजाबाकी करायची.

एक मजबूत सोलापुरी टॉवेल, न हलणारी खुर्ची, स्वयंपाकघराचा ओटा आणि भिंत.

पाच व्यायाम

आम्ही सोमवार, बुधवार आणि शनिवार असे तीन दिवस ठरवले. मधल्या दिवशी स्नायू दुरुस्त होतो, म्हणून रोज करण्याचा हट्ट धरला नाही. आधी पाच मिनिटे खांदे, कोपरे, मनगटे फिरवून अंग गरम करायचे. मग प्रत्येक व्यायामाचे दोन ते तीन सेट, दोन सेटमध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती. सगळे मिळून अर्धा तास.

पहिला, जोर. तालमीतला हा जुना व्यायाम आपल्याला नवा नाही. गामा पैलवान 1910 मध्ये लंडनला जाऊन झिबिस्कोसारख्या मल्लाशी भिडला. त्याच्या रोजच्या मेहनतीचा पाया जोर आणि बैठकाच होता. स्वतःचे शरीर हेच सर्वांत मोठे वजन. आम्ही मात्र जोराची सोपी पायरी घेतली. भिंतीपासून हातभर दूर उभे राहायचे, तळहात भिंतीवर टेकायचे, कोपरे वाकवत छाती भिंतीजवळ न्यायची आणि मागे ढकलायचे. हे सलग 20 वेळा जमू लागले की भिंतीऐवजी ओट्यावर हात टेकायचे. ते जमले की जमिनीवर गुडघे टेकून. मग पूर्ण. हात खांद्यांपेक्षा किंचित आत ठेवले की ट्रायसेपवर जास्त जोर येतो. कंबर खाली झुकू द्यायची नाही.

दुसरा, दप्तराची उचल. दप्तराची वरची पट्टी दोन्ही हातांनी खालून धरायची. कोपरे बरगड्यांना चिकटलेली. दप्तर छातीपर्यंत वर, मग हळूहळू खाली. खाली आणताना मनात तीन अंक मोजायचे. आमचा मुलगा सुरुवातीला दप्तर वर फेकायचा आणि खाली सोडून द्यायचा. कंबरेला झोका देऊन उचललेले वजन दंडाला लागतच नाही. झोका न देता केले, तेव्हा त्याच्या 20 चे 11 झाले. ही 11 खरी.

तिसरा, डोक्यामागची बाटली. वाळूची एक बाटली दोन्ही हातांनी धरून डोक्याच्या वर न्यायची. दंड कानांजवळ स्थिर ठेवून फक्त कोपरातून हात वाकवायचे, बाटली मानेमागे उतरवायची आणि पुन्हा वर. हा शुद्ध ट्रायसेपचा व्यायाम. खांदा दुखत असेल त्यांनी हा करू नये, त्यांना भिंतीवरचे जोर पुरेत.

चौथा, ओढ. एक हात खुर्चीवर टेकून कमरेत पुढे वाकायचे, पाठ सरळ. दुसऱ्या हाताने पाण्याचा कॅन जमिनीवरून कमरेपर्यंत ओढायचा, कोपर मागे न्यायचे. यात पाठ, खांद्याचा मागचा भाग आणि बायसेप तिन्ही कामाला लागतात. दिवसभर वह्या तपासून ज्यांचे खांदे पुढे झुकले आहेत, त्यांना याचा फार फायदा होतो.

पाचवा, कॅन घेऊन चालणे. दोन्ही हातांत एकेक भरलेला कॅन, खांदे मागे, आणि खोलीत फेऱ्या. पकड सुटायला लागली की खाली ठेवायचे. मनगट आणि मुठीची ताकद याने वाढते. माणसाला उचलताना सर्वांत आधी पकडच दगा देते, हे आम्ही अनुभवले होते.

टॉवेलचा उपयोग मुलाने शोधला. वजन कमी पडू लागले तेव्हा तो टॉवेल पायाखाली घालून त्याची दोन टोके हातांत धरू लागला. कोपर काटकोनात ठेवून दहा अंक मोजेपर्यंत वर खेचायचे, पायाने हलू द्यायचे नाही. वजनाशिवाय दंड पेटतो. फक्त श्वास रोखायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास धरून कधीच जोर लावू नये आणि हा टॉवेलचा प्रकार टाळावा.

वही

वहीत प्रत्येक दिवसाची एक ओळ. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. नियम साधा. एखादा व्यायाम तीनही सेटमध्ये 20 ते 25 वेळा जमू लागला की पुढच्या वेळी दप्तरात आणखी एक पुस्तक घालायचे, किंवा कॅन एक खूण वर भरायचा. तेव्हा संख्या 12 वर येते. मग पुन्हा चढत जायचे.

पहिले तीन आठवडे मुलगा आरशासमोर नाराज होता. आकडे वाढत होते, दंड मात्र तसाच. याचे कारण त्याला समजावले. सुरुवातीची ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू सुधारल्यामुळे येते. स्नायूंना एकत्र कामाला लावायला शरीर आधी शिकते. डोळ्यांना दिसेल असा आकार यायला साधारण दोन ते तीन महिने जातात. जाहिरातीतले 21 दिवस कुणाच्याही दंडाने पाहिलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकणे साहजिक आहे. सांध्यात टोचल्यासारखे दुखणे साहजिक नाही, तिथे थांबावे. आणि पहिल्याच दिवशी शंभर-शंभर करून मर्दुमकी दाखवू नये. अति व्यायामाने स्नायू फुटून लघवी कोलासारखी काळपट झाली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाला धोका असतो.

डबा आणि सुई

दुसऱ्या महिन्यात मुलाने एक गोष्ट आम्हाला सांगितली. ती त्याने सांगितली याचाच आम्हाला जास्त दिलासा वाटला. जिमला जाणाऱ्या त्याच्या एका मित्राला कोणीतरी "कोर्स" सुचवला होता. म्हणजे इंजेक्शन. सहा आठवड्यांत दंड दुप्पट, असे सांगून.

आम्ही रागावलो नाही. समोर बसून सरळ सांगितले. ही इंजेक्शने म्हणजे पुरुषी संप्रेरकाची नक्कल. बाहेरून मिळाले की शरीर स्वतः बनवणे बंद करते. अंडकोष आकसतात, शुक्राणू कमी होतात, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. तोंड-पाठ मुरुमांनी भरते. हृदय आणि यकृताला इजा होते. आणि 17 वर्षांच्या मुलात हाडांची वाढीची टोके लवकर बंद होऊन उंची खुंटू शकते. आपल्या घरांत या विषयांवर बोलायला संकोच वाटतो. पण आईबाप गप्प राहिले की सुई विकणारा बोलतो.

डब्याची गोष्ट वेगळी. पावडर हे विष नाही. ती बहुतेक वेळा दुधाच्या पाण्यातले प्रथिन असते. पण बनावट डबेही विकले जातात, आणि जे त्यात आहे ते आपल्या स्वयंपाकघरातही आहे.

ताटात काय?

आपल्या देशाच्या पोषण शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. स्नायू वाढवणाऱ्याला जास्त लागतात. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसला नाही. आमचा मुलगा 54 किलोचा. म्हणजे जास्तीत जास्त 86 ग्रॅम.

वहीत हिशेब मांडला. तीन अंडी, 18 ग्रॅम. अर्धा लिटर दूध, 16. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, सुमारे 26. एक मोठी वाटी घट्ट डाळ, म्हणजे पन्नास ग्रॅम कोरडी डाळ, 11 ते 12. सहा चपात्या, 18 ते 20. बेरीज 90 च्या आसपास गेली, तीही कोंबडी न घालता. ज्या दिवशी घरात मटण किंवा कोंबडी शिजते, त्या दिवशी वड्यांना सुट्टी. सोयाच्या वड्या खिम्यात निम्म्या-निम्म्या मिसळल्या, तर धाकटीलाही कळले नाही.

बिर्याणीवर आमचा राग नाही. पण तिच्यात भात तीन घास आणि बोटी एक, हे प्रमाण उलटे करायला आम्ही घरात शिकलो. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. आणि झोप सात-आठ तास हवी. रात्री एकपर्यंत मोबाइल चाळणाऱ्याचा दंड सकाळी वाढत नाही.

मध्ये रमजान आला. तेव्हा आम्ही व्यायाम बंद केला नाही, कमी केला. इफ्तारनंतर तास-दीड तासाने, तीनऐवजी दोन सेट. उपाशी आणि तहानलेल्या अंगाने दुपारी जोर काढण्यात शहाणपण नाही. वजन तेच ठेवले, वाढवायचा हट्ट सोडला. सेहरीत अंडी आणि दही, इफ्तारला भज्यांच्या आधी चणे. ईदनंतर पहिल्याच आठवड्यात आकडे पूर्वीच्या जागी आले.

भगिनींसाठी

"बायकांचे हात पुरुषासारखे होतील," ही भीती आमच्या घरातही बोलून दाखवली गेली. तसे होत नाही. स्नायूंचा मोठा आकार ज्या संप्रेरकावर चालतो, ते स्त्रीच्या शरीरात पुरुषाच्या तुलनेत फारच थोडे असते. हात घट्ट होतात, ताकद येते आणि हाडांनाही फायदा होतो. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या काळात हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, तेव्हा वजनाचा व्यायाम उपयोगी पडतो.

घरातल्या व्यायामाची मोठी सोय हीच की कुणाच्या नजरेचा, कपड्यांचा, येण्याजाण्याच्या वेळेचा प्रश्न येत नाही. दार लावले की झाले. आता शनिवारी शेजारच्या आपा आपले दोन कॅन घेऊन आमच्याकडे येतात. बैठकीच्या खोलीत चौघीजणी फेऱ्या मारतात आणि गप्पा मारतात. जागतिक आरोग्य संघटनेने सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगितले आहे, त्यात स्त्री-पुरुष असा फरक केलेला नाही.

अम्मी

अम्मींनी सुरुवातीला साफ नकार दिला. "इस उमर में पहलवानी?" त्यांना आम्ही बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातली गोष्ट सांगितली. 1990 मध्ये तिथल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना डॉक्टरांनी आठ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. अम्मी 71 वर्षांच्या. "फिर तो मैं जवान हूँ," म्हणाल्या.

डॉक्टरांना विचारून त्यांचे तीनच व्यायाम ठरवले. भिंतीवरचे जोर, सुरुवातीला पाच. अर्ध्या लिटरच्या बाटल्या कोपरातून वर-खाली. आणि हातांच्या खुर्चीवर बसून, दोन्ही हात रेटून उठणे आणि हळू बसणे. जोडीला न्हाणीघरात रबरी चटई आणि भिंतीला धरायला दांडी बसवली. हे आधीच करायला हवे होते.

आणखी एक गोष्ट आम्ही शिकलो. पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून खेचायचेच नसते. त्याचा खांदा निखळतो आणि आपली कंबर जाते. आधी दुखापत नाही ना, ते पाहायचे. हाड मोडल्याचा संशय असेल किंवा डोक्याला मार असेल तर हलवायचे नाही, मदत बोलवायची. सगळे ठीक असेल तर जवळ एक भक्कम खुर्ची आणायची. माणसाला कुशीवर वळू द्यायचे, मग गुडघ्या-हातांवर येऊ द्यायचे, मग दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवायचे. एक पाय पुढे रोवायचा आणि हातांनी रेटा देत उठायचे. आपण कमरेला फक्त आधार द्यायचा. यात उठणाऱ्याच्या स्वतःच्या हातांची ताकद सर्वांत जास्त कामी येते.

चार महिन्यांनंतर

मुलाचा दंड पहिल्या दिवशी 26 सेंटिमीटर होता, शेवटच्या दिवशी 27.5. त्याने टेप तीनदा लावून पाहिली. दीड सेंटिमीटर त्याला कमी वाटले, आम्हाला पुष्कळ. जमिनीवरचे पूर्ण जोर चारवरून 22 वर गेले होते. करार आम्ही जिंकलो, तरी त्याला जिमला जायचेच आहे. बारावीनंतर पाठवू, फी आम्हीच भरू. पावडरीचा विषय त्यानेच सोडून दिला आहे. आमच्या दोघांच्या दंडांचे माप आम्ही घेतलेच नव्हते. पण आता वह्यांचा गठ्ठा एका हातात आणि बाजाराची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन जिना चढताना मध्ये थांबावे लागत नाही.

अम्मींचे भिंतीवरचे जोर 15 झाले आहेत. नमाज त्या अजूनही खुर्चीवर बसूनच पढतात, गुडघे साथ देत नाहीत. महिन्यातून एकदा मात्र आम्ही हॉलमध्ये चादर अंथरतो आणि अम्मी तिच्यावर बसतात. शेजारी खुर्ची ठेवतो. मग त्या कुशीवर वळतात, गुडघ्यांवर येतात, दोन्ही हात खुर्चीवर ठेवतात आणि उठतात. आम्ही दोघे बाजूला उभे असतो. मागच्या खेपेला कमरेला आधार द्यायला पुढे झालो, तर म्हणाल्या, "हात मत लगाओ, देखते रहो."